तेल मुरेपर्यंत

"हा बोल्ट शेवटचा कधी उघडला होतास?" शार्शेन आकेंनी माझ्या गाडीखालून विचारलं.

मी सांगितलं, मी कधीच नाही. आधीच्या मालकानं उघडला असला तर असेल.

"तो कुठं चालवायचा गाडी?"

"नारीनकडं. घाटात."

"मग तसं सांग ना. तिकडं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. मीठ खाल्लेला बोल्ट वेगळा, नुसता पावसानं गंजलेला वेगळा. दोघांना एकच औषध कसं चालेल?"

ते पाठीवर सरपटत बाहेर आले, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि फळीपाशी जाऊन उभे राहिले. बाजाराच्या टोकाला, जिथे साखरबिटाच्या हंगामात ट्रकांची रांग लागते, तिथे एक जुना लोखंडी कंटेनर ठेवून त्यांनी आपला कारखाना थाटला होता. फळीवर बाटल्या होत्या. व्होडकाच्या, जॅमच्या, खोकल्याच्या औषधाच्या. एकीवरही नाव नव्हतं. बूच काढून नाकाशी धरलं की त्यांना कळायचं. शेणाच्या ट्रॉलीचे बोल्ट असतील तर डिझेल आणि दोन दिवस. रंगानं चिकटलेल्या नटाला टर्पेंटाइन. सायलेन्सरच्या बोल्टाला तेल नाहीच, ते जळून जातं. तो तापवायचा आणि वर मेणबत्ती टेकवायची, मेण आपसूक आट्यांत उतरतं. जुन्या, खोल गेलेल्या गंजासाठी गिअरचं पातळ तेल आणि ॲसिटोन निम्मंनिम्मं, तेही दर वेळी हलवून, कारण दोघांचं जमत नाही आणि ते लगेच वेगळे होतात. बिश्केकच्या बाजारातून आणलेला फवाऱ्याचा एक डबाही होता. तो घाईत असलेल्या गिऱ्हाइकांसाठी. त्यात निम्मा वासच असतो, असं ते म्हणायचे.

माझ्यासाठी त्यांनी व्होडकाची बाटली उचलली, खळखळून हलवली, सिरिंजमध्ये थोडं ओढून घेतलं आणि पुन्हा गाडीखाली गेले. बोल्टाच्या मुळाशी दोन-तीन थेंब सोडले. मग छोट्या हातोडीनं टक टक टक, झोपलेल्याला उठवावं तसं.

"जेवून ये," ते म्हणाले.

असं त्यांचं काम. सरकारी शेतीयंत्रांच्या दुरुस्ती कारखान्यात त्यांनी ऐन उमेदीची वर्षं घालवली. तो बंद पडल्यावर हा कंटेनर. आता चौसष्ट वर्षांचे होते. आमच्या गावातच नाही, आसपासच्या पाच गावांत जे कुणाकडून सुटत नसे ते त्यांच्याकडे येई. दुसरे मेकॅनिक हसायचे. शार्शेन बोल्टाला दूध पाजतो म्हणायचे. पण त्यांच्या हातून बोल्ट तुटल्याचं मी कधी ऐकलं नाही, आणि आधीच्या गाडीपासून आठ वर्षं माझी सगळी कामं त्यांच्याकडेच होती. मी उलारबेक, बिश्केकच्या रस्त्यावर टॅक्सी चालवतो. म्हणजे तेव्हा चालवत नव्हतो, कारण साथीमुळे रस्ते बंद होते आणि म्हणूनच गाडीची रखडलेली कामं मी उरकून घेत होतो. दोन हजार वीसचा जुलै नुकता लागला होता.

त्यांच्या बायकोनं, झुरा एजेंनी (आमच्याकडे थोरल्या पुरुषाला आके म्हणतात, बाईला एजे), दुपारी भाकरी आणि उकडलेलं मांस आणलं. त्याच सरकारी कारखान्याच्या खानावळीत त्या स्वयंपाकीण होत्या, त्यामुळे दोन माणसांपुरतं रांधणं त्यांना कधी जमलंच नाही. मला बसवून घेतलं. किती वेळ झाला म्हणून त्यांनी विचारलं, तर मी म्हणालो, दीड तास झाला, अजून मुरतंय.

"दीड तासाचं काय घेऊन बसलास," त्या म्हणाल्या. "माझ्याशी लग्नाचं विचारायला या म्हातारबानं तीन वर्षं मुरू दिलं होतं. माझ्या आईला वाटायला लागलं, हा खानावळीत फक्त जेवायलाच येतो."

आकेंचे कान लाल झाले होते. मग एजेंना खोकला आला. बराच वेळ आला. त्यांनी ओढणीचं टोक तोंडाला धरलं आणि धुळीचं काहीतरी म्हणाल्या. आकेंनी भाकरी खाली ठेवली. त्यानंतर त्यांनी ती उचलली नाही, हे मला नंतर आठवलं.

पुढच्या चार दिवसांत गावातल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी आडवं झालं होतं. लोक आलं उकळून पीत होते, मेंढीच्या शेपटीची चरबी छातीला चोळत होते. औषधाच्या दुकानात ताप उतरवायच्या गोळ्याही उरल्या नव्हत्या. आठ तारखेला सकाळी आकेंचा फोन आला, गाडी घेऊन ये. एजे मागच्या सीटवर त्यांना टेकून बसल्या. बोलत होत्या, पण प्रत्येक शब्दानंतर थांबत होत्या. इस्पितळाच्या फाटकावर आकेंना अडवलं. आत फक्त रोगी. एजे परिचारिकेच्या हाताला धरून पायऱ्या चढल्या आणि वळून म्हणाल्या, चुलीवर रस्सा आहे, ऊन करून खा, तसाच गार पिऊ नकोस.

आके घरी गेलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. कुंपणाबाहेर पॉप्लरची रांग आहे, तिथे एका पालथ्या खोक्यावर ते सहा दिवस बसले. एजेंची खाट वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत, खिडकीशी होती. सकाळी आणि संध्याकाळी त्या हात वर करायच्या. मग फक्त सकाळी.

आम्ही बारा-तेरा टॅक्सीवाले त्या दिवसांत हमाली करत होतो. औषधं आणायची, माणसं पोचवायची आणि मुख्य म्हणजे ऑक्सिजनचे सिलिंडर. वेल्डिंगवाल्यांकडून, गॅरेजांतून, जिथून मिळतील तिथून रिकामे सिलिंडर गोळा करून भरायला बिश्केकला पाठवायचे. तिथे भरण्याच्या ठिकाणी दोन-दोन किलोमीटर रांग असायची. मुख्य परिचारिका नासीकात माझ्या शेजारची. तिचा फोन आला की आम्ही पळायचो.

चौदा तारखेला सकाळी नऊ वाजता तो आला. सिलिंडर भरायला गेलेला आमचा ट्रक अजून बिश्केकच्या रांगेत होता. कोपऱ्यातल्या खोलीत चौघं होती: एजे, शाळेतले भौतिकशास्त्राचे मास्तर, बाजारातला कसाई आणि बारा दिवसांची एक बाळंतीण. त्यांना जोडलेला सिलिंडर दुपारी बारापर्यंत पुरला तर नशीब, असं नासीकात म्हणाली. दुसरा नव्हता.

जुन्या दुरुस्ती कारखान्याच्या राखणदारानं आम्हाला सांगितलं की मागच्या छपरात तीन निळे सिलिंडर पडून आहेत, कारखाना बंद पडला तेव्हापासून. मी आणि आणखी दोघे गेलो. छपराला भोकं होती, खाली कबुतरांची घाण. सिलिंडर होते. वाजवून पाहिले तर आवाज भरीव आला. तिघांनी मिळून एक एक उचलून गाडीत टाकले. मला इतका आनंद झाला की परत येताना मी हॉर्न वाजवत आलो.

इस्पितळाच्या अंगणात उतरवल्यावर नासीकातनं वरची टोपणं पाहिली. सिलिंडरच्या तोंडावर झडप असते, तिच्यावर संरक्षणासाठी लोखंडी टोपण फिरवून बसवलेलं असतं. ते काढल्याशिवाय झडपेला हात लावता येत नाही. तिन्ही टोपणं गंजून मानेशी एकजीव झाली होती. आम्ही तिघांनी आळीपाळीनं जोर लावला. तसूभरही हलली नाहीत.

"शार्शेन आकेंना बोलवा," नासीकात म्हणाली. "ते बाहेरच आहेत."

मी त्यांना फाटकातून आत आणलं. आणि त्याआधी, शहाणपणा करून, त्यांच्या कंटेनरकडे गाडी पळवली होती. किल्ली पायरीखाली असते हे मला माहीत होतं. पाने, हातोड्या आणि ती व्होडकाची बाटली, सगळं एका पिशवीत भरून आणलं होतं. मी बाटली त्यांच्यापुढे ठेवली.

आकेंनी टोपणांकडे पाहिलं. बाटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ही फाटकाबाहेर ने," ते म्हणाले. "आणि तुझे हात धुऊन ये."

मला कळेना. त्यांनी थोडक्यात सांगितलं. चौऱ्याऐंशी साली कारखान्यात गेन्नादी नावाचा वेल्डर होता. ऑक्सिजनच्या झडपेवर लावायचं दाबाचं घड्याळ नीट बसत नव्हतं, म्हणून त्यानं आट्यांना बोटभर ग्रीस लावलं. झडप उघडली आणि नुसता फट् असा आवाज आला. ठिणगी लागत नाही, काडी लागत नाही. दाबातला ऑक्सिजन आणि तेल, दोघांची गाठ पडली की पेटतं. आकेंनी त्याला उचललं होतं. तो अकरा दिवस जगला.

"इथं वर किती माणसं आहेत?" त्यांनी नासीकातला विचारलं.

"पूर्ण इमारतीत? एकाहत्तर."

ते नळाकडे गेले.

मी त्यांना हात धुताना पाहिलं, ते मला अजून दिसतं. कपडे धुवायचा तपकिरी साबण, मग धुण्याची पावडर, मग घासणी. खांद्यापर्यंत. सदरा काढून टाकला. पण चाळीस वर्षांचं तेल असं धुऊन जातं का? ते तळहाताच्या भेगांत होतं, नखांच्या मुळांत होतं. नासीकातनं त्यांचे हात धरून नाकाशी नेले आणि मान हलवली. ते पुन्हा घासायला लागले. तिसऱ्या वेळी बोटांतून रक्त आलं. मग तिनं स्पिरिटनं पुसले, नवे हातमोजे घातले, स्वतःचा एक धुतलेला झगा त्यांना चढवला. तो त्यांना आखूड झाला.

त्यांच्या पिशवीतलं एकही हत्यार चालणार नव्हतं. सगळ्यांवर तेलाचा हात फिरलेला. मी हार्डवेअरवाल्याला घरून उठवून नवा पाइप-पाना आणला, तर नव्या पान्यालाही कारखान्यातून ग्रीस लावूनच पाठवतात. तो स्वयंपाकघरात सोडा टाकून उकळला, पुसला, पुन्हा उकळला. हातोडी म्हणून स्वयंपाकघरातलाच लाकडी ठोकणा घेतला. या सगळ्यात पाऊण तास गेला. या पाऊण तासाबद्दल आके नंतर कधी बोलले नाहीत. मी मात्र पुष्कळ वेळा मोजला.

पहिला सिलिंडर आम्ही चादरीत गुंडाळून खांबाला बांधला. आके टोपणाभोवती कपडा गुंडाळायचे, इस्पितळाची आचारीण बाई किटलीतून गरम पाणी ओतायची, ते टोपणाला चहूबाजूंनी हलके ठोके द्यायचे, मग पाना लावायचे. पुन्हा कपडा, पुन्हा पाणी. अंगणात कडक ऊन होतं. टोपणाच्या दोन्ही बाजूंना भोकं असतात, त्यांत पहार घालून फिरवू या असं आमच्यातला एक जण म्हणाला. त्याला त्यांनी सांगितलं, पहार आत झडपेला लागली आणि ती मोडली, तर हा सिलिंडर भिंत फोडून जाईल. 

अकरा चाळीसला पहिलं टोपण हललं. आवाज आला तो दाराच्या कडीसारखा, बारीक. आकेंनी ते उरलेले आटे हातानं फिरवून काढलं. झडप आत कोरडी, स्वच्छ होती. आम्ही दोघांनी सिलिंडर पळवत वर नेला. नासीकातनं दाबाचं घड्याळ लावलं. अर्धाच भरलेला होता. चौघांत वाटला तर तासभर, फार तर सव्वा.

खाली आलो तोवर आके दुसऱ्याला लागले होते.

दुसरा वाईट होता. तो भिंतीकडेला, गळक्या भोकाच्या बरोबर खाली उभा असणार. टोपणाची कड गंजानं खाल्ली होती, त्यामुळे पाना धरायचा आणि निसटायचा, धरायचा आणि निसटायचा. प्रत्येक वेळी लोखंडाचा एक पापुद्रा घेऊन. साडेबारा वाजले. ट्रकवाल्याचा फोन आला, की भरून झालं, आता निघतोय. म्हणजे तीन तास. पाणी तापवायला गॅस पुरेना म्हणून आम्ही अंगणातच लाकडं पेटवली, पण लांब, कुंपणाशी. आके तेवढंच मान वर करून पाहत होते, जाळ किती लांब आहे ते. खिडकीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

एक वाजता मी फाटकाबाहेर जाऊन बाटली घेऊन आलो. मला लाज वाटत नाही सांगायला. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि हळू आवाजात म्हणालो, "एक थेंब, आके. वरच्या आट्यांपुरता. आत जाणारच नाही तो."

"तेलाचं कामच आत जायचं आहे," ते म्हणाले. "आत जातं म्हणून तर आपण ते लावतो."

"पण झडप उघडायच्या आधी पुसून घेऊ. स्पिरिटनं पुसू."

ते थांबले. पाना हातातच होता. झग्याच्या काखा भिजल्या होत्या आणि हातमोज्यात बोटांशी रक्त साचलं होतं.

"ती वर आहे म्हणून तू सांगतोयस," ते म्हणाले. "मलाही मघापासून तेच सुचतंय. म्हणून आता पुन्हा बोलू नकोस. तू आणखी एकदा बोललास तर मी लावीन."

मी बाटली परत बाहेर नेऊन ठेवली.

एक दहाला वरून निरोप आला, पहिला सिलिंडर संपत आलाय. डॉक्टर बाळंतिणीला हातानं फुगा दाबून हवा देत होते, बाकीच्यांना उठवून बसवलं होतं. आकेंनी ऐकलं आणि आचारीण बाईंना म्हणाले, पाणी थोडं जास्त गरम आणा. एक पंचवीसला नासीकात स्वतः खाली आली. ती पायऱ्यांवरच थांबली. मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तोंडावर पट्टी होती, तरी कळलं.

"शार्शेन आके," ती म्हणाली.

ते वाकलेले होते. तसेच राहिले. पान्यावरचे त्यांचे हात स्थिर झाले. आचारीण बाईनं किटली खाली ठेवली आणि ओढणीत तोंड लपवलं.  

"अजून किती जण आहेत त्या खोलीत?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"पाणी ओता," ते म्हणाले.

बाईला जमेना, म्हणून किटली मी घेतली. त्यांनी कपडा गुंडाळला. ठोके दिले, एकेक, मोजून, चहूबाजूंनी. पाना लावला. निसटला. पुन्हा कपडा. मी पाणी ओतत होतो आणि त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती, म्हणून मी फक्त टोपणाकडे बघत होतो. दोनला दहा कमी असताना ते हललं.

तो सिलिंडर पूर्ण भरलेला होता. साडेतीनला ट्रक येईपर्यंत तिघांना पुरून उरला. कसाई पुढच्या आठवड्यात गेला. मास्तर आणि बाळंतीण घरी गेले. तिसऱ्या सिलिंडरला कुणी हात लावला नाही.

एजेंना त्याच संध्याकाळी नेलं. एरवी आमच्याकडे माणूस गेलं की अंगणात युर्ता, म्हणजे लोकरीचा गोल तंबू, उभारतात, तीन दिवस बायका आत बसून रडतात, पाहुण्यांसाठी घोडा कापतात. त्या दिवशी पांढऱ्या प्लास्टिकच्या कपड्यांतली पाच माणसं होती, आके आणि मी. त्यांची मुलगी जिपार मॉस्कोत एका दुकानात कामाला आहे, विमानं बंद होती. मी फोन धरून उभा होतो आणि ती त्यातून बघत होती. दुवा म्हणून झाल्यावर आकेंनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि मग बराच वेळ ते हात तसेच नाकाशी धरून उभे राहिले. अंगात अजून नासीकातचा झगा होता.

नासीकातनं मला एक गोष्ट सांगितली, पण ती फार नंतर. एक वाजण्याच्या सुमारास एजेंनी तिला खुणेनं जवळ बोलावलं होतं. म्हातारबा खाली काय करतोय, असं विचारलं. नासीकातनं सांगितलं, टोपण काढतायत. एजे थोडं हसल्या. म्हणाल्या, मग वेळ लागेल. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

हे मी आकेंना सांगितलेलं नाही. सांगावं की नाही, हे मला आजही कळत नाही.

लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. डॉक्टर घरी येऊन म्हणाले, तुम्ही तेल लावलं असतं तर कदाचित आम्ही कुणीच उरलो नसतो. बाळंतिणीची सासू तळलेली भाकरी आणि एक कोकरू घेऊन आली. आके मागच्या दारानं बाहेर पडले आणि ती जाईपर्यंत परसात लाकडं रचत राहिले. कोकरू त्यांनी माझ्या हाती परत पाठवलं. दहा दिवसांनी कंटेनर उघडला. काम तसंच करत होते. पण गिऱ्हाईक घाई करायला लागलं की पूर्वी ते चिडवायचे, आता फवाऱ्याचा डबा हातात देऊन मोकळे व्हायचे.

ऑक्टोबरात, बिटाचे ट्रक सुरू झाले तेव्हा, मी एका दुपारी त्यांच्याकडे गेलो. कंटेनरच्या मागे मोकळी जागा आहे. तिथे ते एका ठोकळ्यावर बसले होते आणि समोर दोन काळे सिलिंडर उभे होते. काळे म्हणजे सोडावॉटरच्या वायूचे, ज्यात तेलानं काही बिघडत नाही. शेजारी स्वयंपाकघरातलं घड्याळ भिंतीवरून काढून आणून ठेवलं होतं. व्होडकाची बाटली होती, सिरिंज होती.

 त्यांनीच सांगितलं. राखणदाराकडून आणले. त्याच छपरातले, त्याच भिंतीकडचे, तितकीच वर्षं भिजलेले. रिकामे आहेत याची खात्री करून घेतली. टोपणं तशीच जाम होती. एकाला काल तेल लावलं, एकाला आज.

"काल चौदा मिनिटं लागली," ते म्हणाले. "आज नऊ."

दोन्ही टोपणं त्यांच्या पायाशी पडली होती. आतल्या आट्यांवरून तेल चमकत होतं.

मला राग आला. मी पुष्कळ बोललो. हे कशाला करायचं, असं केल्यानं काय मिळतं, एकाहत्तर माणसं होती, गेन्नादीचं तुम्हीच तर सांगितलं होतं. ते सगळं ऐकून घेत होते. मी थांबल्यावर त्यांनी एक टोपण उचललं, सिलिंडरच्या मानेवर ठेवलं आणि दोन बोटांनी फिरवलं. ते लोण्यात फिरावं तसं बसत गेलं.

"उघडलं असतं, एवढं कळलं," ते म्हणाले. "आता पेटलं असतं का, ते कशावर तपासू, सांग."



ते उठले, आत गेले आणि चहाची किटली घेऊन आले. आमच्याकडे पाहुण्याला वाटी अर्धीच भरून देतात. ती संपते, तो पुन्हा मागतो, पुन्हा अर्धी देतात. बसायला लावायची ती रीत आहे. त्यांनी माझी वाटी काठोकाठ भरली आणि माझ्या हातात दिली. मी ती उभ्याउभ्याच प्यायलो, धुऊन फळीवर पालथी घातली आणि निघालो.